शिल्लक शून्य, उलाढाल अफाट : सूर्यपृष्ठावरील सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे

२००८ सालच्या सौरनिरीक्षणांच्या नोंदी वरवर चाळणाऱ्याला त्या वर्षी सूर्यावर जवळजवळ काहीच घडले नाही असे वाटेल. वर्षातील सुमारे तीन-चतुर्थांश दिवस सूर्यबिंबावर एकही डाग नव्हता. मात्र त्याच काळात जपानचा 'हिनोदे' हा उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होता. हिनोदे म्हणजे जपानी भाषेत सूर्योदय. २००६ सालच्या सप्टेंबरात सोडलेल्या या उपग्रहावर ५० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण होती आणि तिचा रोख अनेकदा मुद्दाम डाग नसलेल्या, वरकरणी कोऱ्या दिसणाऱ्या भागाकडे असे. खगोलशास्त्रज्ञ या भागाला रूढ भाषेत 'शांत सूर्य' म्हणतात. तेथून आलेल्या मोजमापांत जिकडे पाहावे तिकडे चुंबकत्वाच्या खुणा होत्या. काही ठिकाणी त्या ठळक होत्या, काही ठिकाणी उपकरणाच्या गोंगाटातून जेमतेम वर डोके काढणाऱ्या होत्या, पण अगदीच मोकळी जागा सापडणे अवघड होते.

सौरडाग चुंबकीय असतात हे आपल्याला शंभरहून अधिक वर्षे ठाऊक आहे. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ साली ते सिद्ध केले. डागाच्या मध्यभागी चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे ३००० गाउस असते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तीच तीव्रता अर्ध्या गाउसच्या आसपास आहे आणि तेवढ्यावर होकायंत्राची सुई फिरते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अंदाज येतो. मोठा डाग अख्ख्या पृथ्वीला गिळू शकेल एवढा असतो, म्हणून तो प्रसिद्धही आहे. येथे विषय आहे तो याच्या दुसऱ्या टोकाचा. शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीच्या, म्हणजे साधारण मुंबई-पुणे अंतराएवढ्या, आणि अनेकदा काही मिनिटेच टिकणाऱ्या चुंबकीय तुकड्यांविषयी आपण बोलणार आहोत. १५ कोटी किलोमीटरवरून असा तुकडा पाहणे म्हणजे दोन किलोमीटरवर ठेवलेला मोहरीचा दाणा पाहण्यासारखे आहे.

या तुकड्यांचे वागणे समजण्यासाठी आधी ते ज्यात राहतात तो पृष्ठभाग पाहावा लागतो. सूर्याला घट्ट पृष्ठभाग नाही. ज्या थरातून प्रकाश अखेर मोकळा सुटतो आणि आपल्यापर्यंत येतो, त्या थराला दीप्तिगोल म्हणतात आणि त्यालाच सोयीसाठी पृष्ठभाग म्हटले जाते. त्याचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. त्याच्या खाली उष्णता वर नेण्याचे काम अभिसरणाने होते : तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, वर येतो, पसरतो, थंड होतो आणि कडेने खाली जातो. चुलीवर रटरटणाऱ्या पिठल्याकडे पाहिले तर हाच प्रकार दिसतो, फरक इतकाच की सूर्यावरचा एकेक 'बुडबुडा' सुमारे हजार किलोमीटर रुंद असतो आणि पाच-दहा मिनिटांत विरून त्याच्या जागी दुसरा येतो. या बुडबुड्यांना कणिका म्हणतात. कणिकेचा मधला भाग उजळ आणि तिच्याभोवतीची, प्लाझ्मा खाली उतरत असलेली चिंचोळी गल्ली काळसर दिसते. कोणत्याही क्षणी सूर्यावर अशा लाखो कणिका असतात.

सूर्याचा प्लाझ्मा विद्युतवाहक असल्यामुळे चुंबकीय बलरेषा त्यात जणू गोठलेल्या असतात. प्लाझ्मा जाईल तिकडे त्या जातात किंवा त्या जातील तिकडे प्लाझ्माला ओढतात. दोघांपैकी कोण कोणाला ओढणार हे ज्याचा जोर अधिक त्यावर ठरते. दीप्तिगोलात दुबळ्या क्षेत्राचे प्लाझ्मापुढे काही चालत नाही. कणिकेच्या मध्यातून बाहेर पसरणारा प्रवाह बलरेषांना कडेच्या गल्ल्यांकडे लोटत नेतो. पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारे पाणी पालापाचोळा वाहून नेते आणि स्वतः जाळीतून खाली उतरताना तो जाळीपाशी साठवून ठेवते, तसेच हे घडते. म्हणून चुंबकत्वाचे ठळक तुकडे प्रामुख्याने कणिकांमधल्या गल्ल्यांत, आणि विशेषतः जेथे तीन-चार गल्ल्या मिळतात त्या नाक्यांवर, आढळतात.

कणिकांखेरीज आणखी एक मोठी वीण आहे. सुमारे ३०,००० किलोमीटर रुंदीच्या आणि साधारण एक दिवस टिकणाऱ्या महाकणिकांमध्ये प्लाझ्मा मध्यापासून कडेकडे सेकंदाला तीनशे ते पाचशे मीटर वेगाने सरकत असतो. रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या रचनेचे तपशीलवार वर्णन केले. लहान गल्ल्यांतून गोळा झालेले तुकडे या संथ प्रवाहाबरोबर महाकणिकांच्या सीमांपाशी येऊन साचतात आणि सूर्याच्या सगळ्या अंगावर चुंबकत्वाची एक जाळी विणली जाते. कॅल्शियमच्या ३९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशात ही जाळी उजळून दिसते, कारण जेथे चुंबकीय क्षेत्र असते तेथे दीप्तिगोलाच्या वरचा वर्णगोल अधिक तापतो. तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अशा प्रकाशातील सूर्यचित्रे घेतली गेली आणि जगातील सर्वांत दीर्घ संग्रहांत त्यांची गणना होते. ही छायाचित्रे घेतली जाऊ लागली तेव्हा त्या जाळीचा चुंबकत्वाशी संबंध आहे हे कोणालाच माहीत नव्हते. तो संबंध लेटन यांनी १९५९ साली दाखवला. जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे : पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ साली बंद झाली, तेव्हा तिची उपकरणे याच कोडाईकनालला गेली.

आता मोजमापाचा प्रश्न. १५ कोटी किलोमीटर दूर असलेल्या जागेचे चुंबकीय क्षेत्र मोजायचे कसे? सूर्याच्या वर्णपटात हजारो काळ्या रेषा आहेत. विशिष्ट मूलद्रव्याचे अणू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषतात म्हणून त्या उमटतात. पीटर झीमान यांना १८९६ साली असे आढळले की अणू चुंबकीय क्षेत्रात ठेवले तर वर्णपटातील रेषा रुंदावते. पुढे ती वस्तुतः अनेक रेषांत विभागते हे स्पष्ट झाले. रेषांमधले हे अंतर क्षेत्राच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढते. हेल यांनी डागांवर हीच युक्ती वापरली होती. पण डागाबाहेर ती अडते. लोखंडाची ६३०.२५ नॅनोमीटरची रेषा या कामासाठी विशेष आवडीची आहे; तिच्या बाबतीत हजार गाउसचे क्षेत्रसुद्धा रेषेला नॅनोमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट एवढेच सरकवते, आणि मूळ रेषाच त्यापेक्षा जाड असते. जाड शिसपेन्सिलीने दोन रेघा एकमेकींना जवळजवळ चिकटून ओढल्या तर त्या एकच रेघ दिसतात, तशी ही अडचण आहे.

यातून सुटका ध्रुवणामुळे, म्हणजे प्रकाशाच्या कंपनांना ठरावीक दिशा असल्यामुळे, होते. विभागलेल्या रेषेच्या दोन बाजूंचा प्रकाश सारखा नसतो. बलरेषा आपल्या दिशेने येत असतील तर एका बाजूच्या प्रकाशातील कंपने उजवीकडे फिरणारी आणि दुसऱ्या बाजूची डावीकडे फिरणारी असतात. योग्य गाळणी लावून दोन्ही वेगळी मोजली आणि एकातून दुसरे वजा केले, तर रेषा डोळ्यांना विभागलेली दिसत नसली तरी वजाबाकीत खूण उरते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हॅरोल्ड आणि होरेस बॅबकॉक या पितापुत्रांनी या तत्त्वावर चालणारे उपकरण तयार केले आणि संपूर्ण सूर्यबिंबाचे चुंबकीय नकाशे निघू लागले. या नकाशांत एका ध्रुवाची जागा पांढरी आणि दुसऱ्या ध्रुवाची काळी दाखवतात. डाग नसलेला भाग त्यात मीठ आणि मिरपूड एकत्र विखुरल्यासारखा दिसतो.

या नकाशांवरून शांत सूर्याचे क्षेत्र काही गाउस इतकेच निघत असे आणि बराच काळ तेच खरे मानले गेले. येथेच या विषयातला पहिला मोठा चकवा होता. बादलीभर पाण्यात मूठभर साखर विरघळवली किंवा तितक्याच वजनाचा खडीसाखरेचा खडा न विरघळता तळाशी पडला, तरी बादलीतील साखरेची सरासरी तीच येते. चव मात्र कोठून चमचा घेतला यावर अवलंबून राहते. दुर्बिणीतून मिळणारा आकडा ही अशीच सरासरी होती, कारण त्या काळच्या दुर्बिणींच्या चित्रातील एका ठिपक्यात हजारो किलोमीटरचा प्रदेश मावत असे. तेथे चुंबकत्व पातळ पसरलेले आहे की एखाद्या अतिशय लहान जागी दाट साठलेले आहे, हे त्यातून कळण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग यान स्टेनफ्लो यांनी १९७३ साली काढला, आणि माझ्या मते सौरभौतिकीतील हुशारीचा तो एक उत्तम नमुना आहे, कारण त्यासाठी मोठी दुर्बीण लागली नाही. त्यांनी लोखंडाच्या ५२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन रेषा निवडल्या. दोन्ही रेषा जवळजवळ एकाच थरात आणि सारख्याच परिस्थितीत तयार होतात, मात्र चुंबकीय क्षेत्राला त्यांचा प्रतिसाद २ आणि ३ या प्रमाणात असतो. क्षेत्र दुबळे असेल तर दोन्हींच्या ध्रुवणखुणाही त्याच प्रमाणात मिळायला हव्यात. क्षेत्र प्रखर असेल तर अधिक संवेदनशील रेषेची खूण आपल्या मर्यादेला पोचते आणि प्रमाण बिघडते. मोजल्यावर प्रमाण बिघडलेलेच आढळले. अर्थ असा की जाळीतील क्षेत्र काही गाउसचे नव्हतेच. ते एक ते दोन हजार गाउसचे, म्हणजे जवळजवळ डागांच्या तोडीचे होते आणि पृष्ठभागाच्या फार थोड्या हिश्शात कोंबलेले होते. न दिसणाऱ्या खड्याची घनता अशा रीतीने तो दिसण्यापूर्वीच मोजली गेली. पुढे चांगल्या दुर्बिणींतून हे खडे प्रत्यक्ष दिसू लागले. सूर्याच्या ध्रुवांपाशीही हीच कथा आहे : तेथील सरासरी काही गाउसची असली तरी हिनोदेला तेथे हजार गाउसहून प्रखर ठिपके आढळले.

चुंबकीय क्षेत्र इतके दाटते कसे, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. कणिकांचा प्रवाह बलरेषांना गल्ल्यांत लोटतो हे खरे, पण प्रवाहाच्या जोराचा हिशेब केला तर तो चार-पाचशे गाउसपर्यंतच दाब देऊ शकतो. त्यापुढे बलरेषा आडमुठेपणा करतात आणि प्रवाहाला जुमानत नाहीत. मग उरलेले हजार गाउस आले कोठून? याचे उत्तर युजीन पार्कर यांनी १९७८ साली सुचवले. बलरेषांच्या जुडीला आपण चुंबकीय नळी म्हणू. नळीत क्षेत्र पाचशे गाउसचे झाले की तिच्या आतला प्लाझ्मा मोकळेपणाने आडवा हलू शकत नाही आणि बाजूने येणारी उष्णता अडते. वरच्या टोकाला मात्र उष्णता अवकाशात निघून जातच असते. परिणामी आतला वायू थंड आणि जड होऊन खाली घसरतो, नळी वरून रिकामी होते आणि बाहेरच्या वायूचा दाब तिला चेपून बारीक करतो. तितक्याच बलरेषा कमी जागेत आल्यामुळे क्षेत्र प्रखर होते. क्षेत्राचा स्वतःचा दाब बाहेरच्या दाबाशी बरोबरी करेपर्यंत हे चालते. दीप्तिगोलात वायूचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका आहे आणि तेवढा दाब देण्यासाठी सुमारे १,६०० गाउसचे क्षेत्र लागते. स्टेनफ्लो यांच्या मोजमापातील आकडा याच्या इतका जवळ आहे की त्यात योगायोग मानणे कठीण आहे. २००८ साली हिनोदेच्या निरीक्षणांत हा कोसळण्याचा प्रकार प्रत्यक्ष टिपला गेला : नळी थंड झाली, आतला प्लाझ्मा सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने खाली गेला आणि क्षेत्र २,००० गाउसपर्यंत चढले.

रिकाम्या झालेल्या नळीचा एक परिणाम पृथ्वीवरही मोजता येतो. नळीत वायू विरळ असल्यामुळे ती भोवतालापेक्षा अधिक पारदर्शक असते आणि तिच्यातून आपली नजर शंभर-दोनशे किलोमीटर खोल जाते. एखाद्या आडात डोकावावे तसे हे आहे. मात्र या आडाच्या भिंती भोवतालच्या तप्त प्लाझ्माच्या आहेत आणि आड अरुंद असल्यामुळे त्या भिंतींची उष्णता त्याच्या तळापर्यंत पोचते. म्हणून लहान नळ्या झळाळतात. आड रुंद झाला की भिंतीची उष्णता मध्यापर्यंत पुरत नाही, आणि खालून येणारी उष्णता तर चुंबकत्वाने अडवलेलीच असते. म्हणून मोठी नळी, अर्थात डाग, काळा दिसतो. एकच कारण आकारानुसार एकीकडे उजेड आणि दुसरीकडे अंधार निर्माण करते. सूर्यबिंबाच्या कडेजवळ आपण या आडांकडे तिरके पाहतो, तेव्हा पलीकडची तप्त भिंत समोर येते आणि तेथे उजळ चट्टे उठून दिसतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते. डाग काळे असल्यामुळे डागांच्या वर्षांत सूर्य थोडा मंद व्हावा असे कोणालाही वाटेल. १९७८ पासून उपग्रहांवरून होत असलेली मोजमापे उलट सांगतात. सूर्याकडून पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा येते आणि अकरा वर्षांच्या चक्रात सर्वाधिक डागांच्या काळात ती साधारण ०.१ टक्क्याने वाढलेली असते. मोठा डाग समोर आला की काही दिवस प्रकाश घटतो, हे खरे. पण डागांबरोबर येणारे आणि त्यांच्या विखुरण्यातून उरणारे असंख्य बारीक तेजस्वी ठिपके वर्षभराच्या हिशेबात ती तूट भरून काढून वर काही शिल्लक टाकतात. वातावरणावरील परिणामांच्या दृष्टीने अतिनील प्रकाशातील बदल अधिक महत्त्वाचे आहेत, कारण तेथे टक्केवारी कितीतरी मोठी असते. भारताच्या आदित्य एल-१ या यानावरील अतिनील दुर्बीण, जी पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली, २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात संपूर्ण सूर्यबिंबाची चित्रे घेते. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या नियोजित कक्षेत पोचले. ही दुर्बीण चुंबकीय क्षेत्र थेट मोजत नाही. चुंबकत्वामुळे उजळलेल्या जागा मात्र तिला चांगल्या दिसतात.

आतापर्यंत आपण जाळीविषयी, म्हणजे महाकणिकांच्या सीमांवर साचलेल्या तुकड्यांविषयी बोललो. जाळीच्या आतल्या मोकळ्या दिसणाऱ्या पटांगणात काय आहे? १९७०च्या दशकातच विल्यम लिव्हिंगस्टन आणि जॅक हार्वी यांना तेथे क्षीण, उलटसुलट ध्रुवांचे ठिपके दिसले होते. तपशील कळला तो हिनोदेमुळे. २००७ सालच्या निरीक्षणांवरून ब्रूस लाइट्स आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या सरासरीनुसार पटांगणात उभ्या दिशेचे क्षेत्र ११ गाउस आणि आडव्या दिशेचे ५५ गाउस भरले. आडवे क्षेत्र पाचपट असेल अशी अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती. आडव्या क्षेत्राच्या मोजमापात गोंगाटाचा वाटा अधिक शिरतो, त्यामुळे या गुणोत्तरावर पुढे बराच वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. कणिकांच्या माथ्यावर लहान लहान चुंबकीय कमानी वर येतात आणि काही मिनिटांत त्यांचे दोन पाय दोन बाजूंच्या गल्ल्यांत जातात, हे मात्र निरीक्षणांत स्पष्ट दिसते.

येथे दुसरा, आणि पहिल्यापेक्षा खोल, चकवा आहे. झीमान परिणामावर आधारलेली पद्धत वजाबाकीवर चालते. चित्राच्या एकाच ठिपक्यात उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव शेजारी शेजारी असतील तर त्यांच्या खुणा एकमेकींना खोडतात आणि उत्तर शून्य येते. वाण्याच्या वहीत दिवसाअखेर शिल्लक शून्य दिसली म्हणून त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकच आले नाही असे म्हणता येत नाही. जमा आणि खर्च सारखा झाला असेल तर लाखाची उलाढाल होऊनही शिल्लक शून्यच राहते. शांत सूर्याचे नकाशे ही अशी शिल्लक दाखवणारी पाने आहेत. दुर्बीण जितकी चांगली तितके पान बारीक तपशिलाचे, म्हणून प्रत्येक नव्या दुर्बिणीबरोबर शांत सूर्याचे चुंबकत्व 'वाढत' गेले. सूर्य बदलला नव्हता, फक्त हिशेबाचे रकाने लहान झाले होते. हिनोदेच्या चित्रांतसुद्धा उभ्या दिशेच्या चुंबकत्वापैकी किमान ८० टक्के अशा खोडाखोडीत हरवलेले असावे, असा अंदाज २००९ साली मांडला गेला.

उलाढाल मोजणारी एक वेगळी पद्धत आहे आणि ती व्हिल्हेल्म हान्ले यांनी १९२०च्या दशकात प्रयोगशाळेत अभ्यासलेल्या परिणामावर आधारलेली आहे. सूर्याच्या कडेकडून येणारा प्रकाश अणूंवर आपटून विखुरलेला असतो आणि विखुरण्यामुळे त्यात थोडे ध्रुवण आपोआप येते. जेथे दुबळे चुंबकीय क्षेत्र असते तेथे हे ध्रुवण कमी होते. महत्त्वाची बाब ही की सगळ्या दिशांना गुंतलेल्या क्षेत्रात उत्तर ध्रुव असो वा दक्षिण, दोन्ही ध्रुवण कमीच करतात. एकाने केलेली घट दुसरा भरून काढत नाही. दुकानाची वही न पाहता उंबरठा किती झिजला आहे ते पाहावे, तसे हे आहे. येणारा झिजवतो आणि जाणाराही झिजवतो. स्ट्रॉन्शियमच्या ४६०.७ नॅनोमीटरच्या रेषेतील ही झीज मोजून हावियेर त्रुहियो ब्वेनो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली असा निष्कर्ष काढला की शांत सूर्याच्या दीप्तिगोलातील गुंतागुंतीच्या क्षेत्राची सरासरी तीव्रता सुमारे १३० गाउस असली पाहिजे. तत्कालीन चुंबकीय नकाशांतून मिळणाऱ्या आकड्याच्या हे अनेकपट होते. या पद्धतीचा दुबळेपणाही सांगायला हवा : किती झीज झाली हे ठरवण्यासाठी क्षेत्र मुळीच नसते तर ध्रुवण किती असते हे माहीत असावे लागते, आणि ते संगणकीय प्रतिरूपावरून काढावे लागते.

एवढे चुंबकत्व येते कोठून? डागांचे चुंबकत्व सूर्याच्या आत खोलवर, त्याच्या फिरण्यातून आणि अभिसरणातून चालणाऱ्या मोठ्या डायनॅमोतून, म्हणजे प्लाझ्माच्या हालचालीतून चुंबकत्व घडवणाऱ्या यंत्रणेतून, निर्माण होते आणि अकरा वर्षांच्या तालावर चढते-उतरते. पटांगणातील बारीक क्षेत्र त्याच डायनॅमोचा चुरा असेल, तर त्यातही तो ताल दिसायला हवा. निरीक्षणांत तो जवळजवळ दिसत नाही; डागांची वर्षे असोत वा २००८ सारखे कोरडे वर्ष, हे क्षेत्र साधारण तेवढेच राहते. त्यामुळे पृष्ठभागाजवळच, कणिकांच्या खळबळीतून, एक स्थानिक लहान डायनॅमो चालत असावा या कल्पनेला बळ मिळाले. तो कसा चालतो हे केसांना रबरबँड बांधणाऱ्या कोणालाही दाखवता येईल. रबर ताणायचे, त्याला पीळ देऊन इंग्रजी आठासारखे करायचे आणि एक वेढा दुसऱ्यावर दुमडायचा. आता तेवढ्याच जागेत दोन पदर आले. बलरेषांच्या बाबतीत दोन पदर म्हणजे दुप्पट क्षेत्र. खवळलेला प्लाझ्मा हे ताणणे, पिळणे आणि दुमडणे अखंड करत असतो आणि किंचितशा क्षेत्रापासून सुरुवात करून ते झपाट्याने वाढवतो. फाउस्टो कातानेओ यांनी १९९९ साली आणि अलेक्झांडर फ्योग्लर व मान्फ्रेड श्युस्लर यांनी २००७ साली संगणकावर याची प्रतिरूपे चालवून दाखवली. अडचण अशी की खऱ्या सूर्यावर प्लाझ्माचा चिकटपणा आणि बलरेषांचे विरणे यांच्या प्रमाणात जी प्रचंड तफावत आहे, ती कोणत्याही संगणकाला पेलवत नाही. प्रतिरूपातील सूर्य खऱ्यापेक्षा बराच घट्ट असतो, असे म्हणता येईल. म्हणून स्थानिक डायनॅमो बहुतांश अभ्यासकांना पटत असला, तरी मोठा आणि लहान असे दोन डायनॅमो खरोखर एकमेकांपासून वेगळे काढता येतात का, याविषयी मतभेद आहेत.

हे सारे चुंबकत्व एकदा येऊन थांबत नाही. सोहो या यानाच्या निरीक्षणांवरून १९९७ साली असे जाहीर झाले की शांत सूर्यावरील चुंबकीय तुकड्यांचा सगळा साठा सुमारे ४० तासांत नव्याने बदलतो. अधिक बारीक मोजमापांनी हा अवधी आणखी खाली आणला. संशोधकांनी या रचनेला 'चुंबकीय गालिचा' असे नाव दिले. मला ते नाव तितकेसे पटत नाही. गालिचा एकदा विणला की तसाच राहतो. येथे जुने तुकडे उसवून सतत नवे जोडले जात असतात, त्यामुळे 'गोधडी' हा शब्द अधिक चपखल बसला असता. विरुद्ध ध्रुवांचे दोन तुकडे प्रवाहाबरोबर एकमेकांवर येतात आणि दोन्ही नाहीसे होतात, तेव्हा त्यांच्या बलरेषा तुटून नव्या पद्धतीने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते.

ही ऊर्जा कोठे जाते हा प्रश्न सौरभौतिकीतील एका जुन्या कोड्याला जाऊन भिडतो. सूर्याच्या बाह्यतम वातावरणाचे, म्हणजे खग्रास ग्रहणात दिसणाऱ्या किरीटाचे, तापमान दहा लाख केल्विनहून अधिक आहे, हे १९४०च्या सुमारास स्पष्ट झाले. चुलीपासून दूर जावे तसे अधिक गरम लागावे, असा हा विचित्र प्रकार आहे. ऊर्जेच्या प्रमाणात पाहिले तर मागणी फार नाही : शांत सूर्यावरील किरीट तापलेला ठेवण्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट पुरतात आणि दीप्तिगोलातून दर चौरस मीटरला सहा कोटींहून अधिक वॅट बाहेर पडतात. दोन लाखांतला एक भाग वर पोचवायचा आहे. प्रश्न तो पोचवणाऱ्या यंत्रणेचा आहे. कणिका नळ्यांचे पाय सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने इकडेतिकडे ढकलत असतात. त्या धक्क्यांनी बलरेषांवरून लहरी वर जातात, आणि त्याच धक्क्यांनी बलरेषा एकमेकींभोवती वेढल्या जाऊन असंख्य सूक्ष्म स्फोट होतात. स्फोटांची ही कल्पना पार्कर यांनी १९८८ साली मांडली. लहरी आणि स्फोट यांच्यापैकी कोणाचा वाटा किती, हे ठरलेले नाही. युरोपीय सोलर ऑर्बिटर यानाने २०२० साली सूर्याच्या जवळून घेतलेल्या चित्रांत ४०० ते ४,००० किलोमीटर आकाराच्या क्षणिक झळाळ्या दिसल्या. त्यांना शेकोट्या म्हटले गेले. त्यांतील अनेकींच्या तळाशी विरुद्ध ध्रुवांचे तुकडे एकमेकांना भिडत असल्याचे आढळले. किरीट तापवण्यास त्या एकट्या पुरेशा आहेत का, हा मुद्दा खुला आहे.

तपशील वाढवण्याचे प्रयत्न अर्थातच चालू आहेत. एक मीटर व्यासाची 'सनराइझ' दुर्बीण प्रचंड फुग्याला टांगून स्वीडनमधील किरुनाजवळून २००९, २०१३ आणि २०२४ साली उडवली गेली. उन्हाळ्यात त्या अक्षांशावर सूर्य मावळत नाही आणि पस्तीस-छत्तीस किलोमीटर उंचीवर हवा चित्र बिघडवत नाही. हवाई बेटांतील हालेआकाला पर्वतावरच्या चार मीटर व्यासाच्या इनोये दुर्बिणीची पहिली चित्रे २०२० सालच्या जानेवारीत प्रसिद्ध झाली आणि तिला सूर्यावरचा वीस-तीस किलोमीटरचा तपशील वेगळा दिसू शकतो. तरीही चुंबकत्वाची वीण तेथे संपत नाही. हिशेबाप्रमाणे बलरेषा विरून जाण्याची खरी पातळी शंभर मीटर किंवा त्याहूनही लहान आहे. पृथ्वीवरून शंभर मीटरचा तपशील वेगळा पाहायचा तर जवळजवळ एक किलोमीटर व्यासाचा आरसा लागेल. तो नजीकच्या काळात कोणी बनवणार नाही, आणि म्हणून इनोये दुर्बिणीच्या वैज्ञानिक आराखड्यात जसा बारीक चित्रांचा समावेश आहे, तसा स्ट्रॉन्शियमच्या ४६०.७ नॅनोमीटरच्या रेषेतील ती ध्रुवणाची झीज मोजण्याचाही आहे. या वेळी संपूर्ण कडेची सरासरी न घेता कणिकेचा उजळ माथा आणि तिच्याभोवतीची काळसर गल्ली यांची झीज वेगवेगळी मोजता यावी, असा तो प्रयत्न आहे.